चालेल की!

"कोण आलं गं दारात, पाऊल कुणाचं वाजलं?
थोरलीच्या मागं मागं धाकटीचं जोडवं लाजलं…"

सकाळपासून हा आवाज सरोजिनीच्या कानात फिरत होता. वेणूबाईंचा, तिच्या सासूचा. महालक्ष्म्या घरी यायच्या दिवशी त्या आतल्या खोलीत उभ्या राहून असा प्रश्न घालायच्या, आणि दारात मुखवट्याचं ताट घेऊन उभी असलेली सरोजिनी उत्तर द्यायची. तिच्या पाठीशी दुसरं ताट घेऊन धाकटी जाऊ नम्रता. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, आवाज मात्र गेला नव्हता.

यंदा धायरीच्या या तिसऱ्या मजल्यावर दारात कुणीच उभं राहणार नव्हतं. महालक्ष्म्या नम्रताकडे गेल्या होत्या, हिंजवडीच्या नव्या फ्लॅटमध्ये.

दुपार कलली आणि फोन वाजला.

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां नम्रता, बोल."

आवाज ओळखल्याबरोबर सरोजिनीनं आपला आवाज पातळ केला, घशात थोडी खरखर आणली.

"आहे, बरं आहे… छे गं, कुठला उतरतोय. गोळी घेतली की तेवढ्यापुरता… हो ना, अंग नुसतं मोडून आलंय… नको, नको! भाऊजींना गाडी घेऊन पाठवू नकोस. त्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ते इथं पोचेपर्यंत माझा ताप उतरून पुन्हा चढेल… आणि तापाच्या हातानं महालक्ष्म्यांना शिवत नाहीत, माहीत आहे ना?… माहीत नव्हतं? बरं, आता झालं माहीत."

ताप नव्हता. हाताला तांदळाचं पीठ होतं. सकाळी सवयीनं तिनं दारापासून हॉलच्या कोपऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली होती. मूठ टेकवून तळवा, बोटांच्या टोकांनी अंगठा आणि बोटं. कोपऱ्याशी पोचल्यावर डोकं वर केलं तर समोर इस्त्रीचं टेबल. मग दुपारी ओलं फडकं घेऊन ती पुसायला बसली होती. निम्मी पावलं पुसून झाली होती, निम्मी दाराजवळ थबकून उभी होती.

"विचार ना… पावलांचे स्टिकर? मिळतात की, ढिगानं मिळतात… चालेल… अगं, चालेल म्हटलं ना. तुझ्या फरशीवर डाग नकोत पडायला… इटालियन आहे का? मला वाटलं नुसतीच मार्बल… हो का. मग तर स्टिकरच बरे. परदेशी दगडावर अनवाणी चालवायचं म्हणजे लक्ष्मीलाही अवघडल्यासारखं होईल."

पलीकडे नम्रता हसली. टोमणा तिच्या अंगाला न लागता नळाच्या पाण्यासारखा ओघळून गेला. सरोजिनीला त्याचाही राग आला.

"भाज्या?… सोळा. हो, सोळाच… चिरून आणल्या? पाकिटात?… बघ त्यात पडवळ आहे का… काकडी?… भोपळा?… काय आहे? ब्रोकोली?… अगं, सोळा भरत नसतील म्हणून त्या दुकानदारानं ढकलली असेल… चालेल. सोळावी म्हणून चालेल. देवीही आता हिंजवडीची झाली, तिनं तरी किती दिवस पडवळच खायचं… पोळ्या बाहेरून? चालेल… पुरणाचे दिवे मात्र… तेही तीच बाई करून देते? वा. आरतीलाही तिलाच बोलाव मग… चेष्टा केली गं… आंबील? ती घरीच करायची. रेसिपी कसली आलीय त्यात, ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं. पण काल रात्री भिजवायचं होतं… मी सांगितलं नाही? तू विचारलं नाहीस… सोडा घालतेस?"

सरोजिनीनं डोळे मिटून घेतले. वेणूबाई आंबिलीच्या मडक्याला रात्री कान लावून ऐकायच्या. 'बोलायला लागली बघ,' म्हणायच्या.

"…चालेल. घाल सोडा… एक मिनिट थांब. अहो बाबा, देते चहा! फोनवर आहे… नम्रता आहे… काय?… हो, विचारते. नम्रता, बाबा विचारून राहिले, लिफ्ट चालू आहे ना?… दोन्ही चालू आहेत. बाबा, दोन्ही चालू आहेत!… काय सांगू, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. देवी दिसेल की नाही याची काळजी नाही, लिफ्ट दिसली पाहिजे."

देवीची काळजी नाही, हे खोटं होतं. सासऱ्यांच्या, बापूरावांच्या गुडघ्यांनी तीन मजल्यांशी कधीच कट्टी केली होती. महालक्ष्म्यांच्या तिन्ही दिवसांत त्यांचे मित्र यायचे आणि खालूनच हाका मारून जायचे. लिफ्ट हे कारण खरंच होतं. खऱ्या कारणांवर रागावता येत नाही, हीच तर पंचाईत.

गेल्या महिन्यात याच हॉलमध्ये सगळे बसले होते. दिविजय नाही, दिग्विजय, असं नाव नीट घ्यायला ज्याला तिनं लहानपणी शिकवलं तो धाकटा दीर म्हणाला होता, "वहिनी, यंदा आमच्याकडे करायच्या का? लिफ्ट आहे, हॉल मोठा आहे. वर्ध्याची मंडळी येतील, ती गॅलरीत झोपायची नाहीत. चालेल ना?" सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. ट्रे धरलेल्या बाईला मत धरायला हात मोकळा नसतो. "चालेल की," ती म्हणाली. कपबशा किणकिणल्या, तेवढंच. पुन्हा कुणी विचारलं नाही. आपल्याकडं साधी पोळीसुद्धा पाहुण्याला दोनदा विचारल्याशिवाय ठरत नाही. पहिलं 'नको' आणि पहिलं 'चालेल' यांना कुणी खरं धरत नाही. आणि एवढ्या महालक्ष्म्या मात्र एकदाच विचारून गाडीच्या डिकीतून गेल्या.

"हं, बोल. कुठं होतो आपण?… सजावट. सांग… ऑर्किड?… बरं… हो… झुंबर पण?… तू केलीस की माणूस बोलावलास?… तेच म्हटलं, कंपनीतनं वेळ कधी मिळाला तुला. छान असेल… नाही गं, मनापासून म्हणतेय. छान असेल… आमच्याकडं काय, झेंडूच्या माळा आणि ह्यांनी खुर्चीवर चढून बांधलेली ती जुनी जरीची साडी… हो, ती साडी पडायची ना अंगावर दर वर्षी! आई म्हणायच्या, देवीनं पदर घेतला."

ती हसली आणि चटकन थांबली. नम्रताबरोबर हसायचं नाही, असं ठरवलेलं ती विसरून गेली होती.

"उद्या किती जण जेवायला?… बाप रे. ऑफिसचे पण?… कोण? अमेरिकेचा?… त्याला काय कळणार… फोटो काढायचेत त्याला. चालेल. काढू दे. त्याला सांग म्हणावं, ह्या आमच्या दोघी. एक थोरली, एक धाकटी… हो, सोसायटीतल्या बायका म्हणाल्या असतील ना, 'नम्रताकडच्या महालक्ष्म्या'… म्हणाल्या? असंच म्हणाल्या?"

फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आजवर त्या 'सरोजिनीबाईंकडच्या' होत्या. खालचा वाणी, समोरची शिक्षिका, रिक्षा स्टँडवरचे लोकसुद्धा भाद्रपद लागला की विचारायचे, 'सरोजिनीबाई, यंदा कधी येतायत तुमच्या?' यंदाही परवा वाण्यानं विचारलं होतं. तिनं नारळ हलवून बघितल्यासारखं केलं आणि न घेताच वर आली.

"नाही, ऐकतेय. सांग… मुखवट्यांच्या कोठ्या उभ्या केल्यास? गहू-तांदूळ भरले आत?… हं… साड्या नेसवून झाल्या? एकटीनं?… कनिष्ठेला पैठणी, बरं. आणि ज्येष्ठेला?… मोतिया रंगाची? कुठली मोतिया?… माझी?… नाही, मी कधी… तुझ्या डोहाळजेवणाला दिलेली? ती?"

नम्रताची राजनंदिनी पोटात होती तेव्हा दिलेली ती साडी. नम्रता ती कधीच नेसली नव्हती. सरोजिनीनं सहा वर्षं दर सणाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं, आज नेसेल, उद्या नेसेल.

"मला वाटलं चंपाला दिलीस… तुमच्या कामवालीला, हो… तसं नाही, दिसली नाही कधी अंगावर म्हणून… खराब होईल म्हणून? ठेवून दिली होतीस?… कापूर घालून?… वेडी आहेस का गं. साडी नेसायला असते… बरं. बरं… दिसते का चांगली? थोरलीला?… हं."

घशात खरखर आणायला या वेळी कष्ट पडले नाहीत. तिनं फडकं बाजूला ठेवलं, आणि मग तिला त्या साडीचाही राग आला. अशा वेळी कुणी चांगलं वागू नये माणसाशी.

"अगं, काय डुगडुगतंय?… मुखवटा? आत्ता कशाला बसवून बघितलास, आवाहन करायच्या आधी?… त्या सजावटवाल्यानं सांगितलं, उंची बघायला. बरं… ज्येष्ठेचा?… मान हलते म्हणजे कशी, मागं-पुढं?… आणि कनिष्ठेचा?… तो उलट खाली उतरतो, हनुवटीपर्यंत?"

सरोजिनी सरळ बसली.

तिला सगळं कळलं होतं. दोन्ही मुखवटे पितळेचे, एकाच साच्यातून उतरल्यासारखे, पण थोरलीची मान बोटभर रुंद होती आणि तिची कोठीही. नम्रतानं मुखवट्यांची अदलाबदल केली होती. धाकटीला थोरलीच्या जागी चढवलं होतं आणि थोरलीला धाकटीच्या. ओळखायची खूण एकच. थोरलीच्या डाव्या कानामागं एक खळगा, वर्ध्याहून पुण्याला येताना ट्रंकेत बसलेला. वेणूबाईंनी सरोजिनीचं बोट धरून तो खळगा तिला दाखवला होता. "थोरलीला थोरलीनं ओळखायचं. बाकीच्यांना सारख्याच दिसतात त्या." मुखवटे नम्रताच्या हाती देताना ही खूण सरोजिनीनं सांगितली नव्हती. विसरली नव्हती, सांगितली नव्हती.

आणि बघा, देवीनंच साक्ष दिली. थोरलीच्या जागेवर धाकटी बसवली तर मान राहत नाही.

"कापड गुंडाळ," ती म्हणाली. "कोठीच्या तोंडाला… सुती. नसेल तर रुमाल. चालेल… नाही, असंच असतं. जुने आहेत ते, थोडे हलायचेच… आमच्याकडं? आमच्याकडं नव्हते हलत. जागेची सवय असते गं त्यांना."

हे वाक्य तिच्या तोंडून असं गोड, असं तापल्या दुधावरच्या सायीसारखं आलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. पलीकडे नम्रता फोन बाजूला ठेवून कापड शोधत होती. लांबून राजनंदिनीचा आवाज येत होता, थाळी वाजवायचा सराव चालला होता. सरोजिनी वाट पाहत बसली. खिडकीतून सिंहगड रस्त्याकडचे ढोल ऐकू येत होते. उन्हं पिवळी झाली होती.

"हं… बसला?… नाही बसत?… अजून एक घडी घाल… काय झालं? नम्रता! काय वाजलं?… पडला? कुठला पडला?… हातात झेललास ना? मग पडला नाही म्हण. असं अभद्र बोलू नये… अगं, रडतेस काय?… रडू नकोस. काजळ लागेल साडीला… ऐक. ऐक ना. भाऊजी कुठं आहेत?… घरातच आहेत? मग?… कॉलवर. दार लावून… कधीपासून?… अडीच तास? सणाच्या दिवशी काऊन घेतात गं हे कॉल?"

चिडली की तिची वर्ध्याची बोली अशी वर यायची.

"म्हणजे तू एकटीच करून राहिलीस सगळं… वर्ध्याची मंडळी उद्या सकाळी पोचणार, हो… शेजारची कुणी?… नाही, कसं कळणार तिला, तमिळ आहे तर… दिवेलागणीच्या आत आणायच्या पण. थांबता येत नाही… काय विचारायचंय? विचार ना."

नम्रताला जे विचारायचं होतं ते विचारायला तिला वेळ लागला. सरोजिनी ऐकत राहिली.

"…एकटीनं दोन्ही ताटं आणली तर? म्हणजे एकाच ताटात दोघी… चालतं. हो, चालेल… आतून विचारायला कुणी नाही. हं… फोनवरून? मी?… अगं, फोनवरून कसं विचारणार. देवी काय टेलिफोन आहे… मला ताप आहे, आवाज बसलाय… आईंचं ते होतं, नम्रता. मी आजवर दारातून उत्तरच देत आले, प्रश्न कधी घातलाच नाही. मला नाही यायचं ते."

पलीकडून मग राजनंदिनीच्या थाळीचा एक ठोका, चुकून पडलेला.

"…बरं. बरं, विचारते. तो फोन मोठ्या आवाजावर टाक आणि आत ठेव, कोपऱ्याजवळ. तू दाराबाहेर जा… काय? उंबरा नाही?… म्हणजे दाराला खाली काहीच नाही? सपाट?… इटालियनमध्ये उंबरा नसतो. बरोबर आहे. आता काय… पायपुसणं कसं चालेल, वेडे! हळद घे. हळदीची एक सरळ रेघ ओढ दारात, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. तो उंबरा… पडू दे डाग. पडू दे म्हटलं ना!… ओढलीस?… आता तिच्या बाहेर उभी राहा. ऐकू येतंय का माझं?… येतंय. राजनंदिनी, बेटा, वाजव थाळी… पुरे, पुरे!"

सरोजिनी उठून उभी राहिली. रिसीव्हरची वेटोळी दोरी ताणून ती कोपऱ्याच्या बाजूला सरकली, जिथं वेणूबाई उभ्या राहायच्या. इस्त्रीच्या टेबलाला तिचा हात लागला. तिनं घसा साफ केला.

"कोण आलं…"

ती तिथंच थांबली.

तिचा आवाज नव्हता तो. हुबेहूब वेणूबाईंचा होता. तेवढाच कापरा, तेवढाच ओढलेला. आणि त्या आवाजाच्या मागोमाग वेणूबाईंचं दुसरं एक बोलणं आलं. घरात काही बिनसलं की त्या सगळ्यांना बजावायच्या, 'लक्ष्मी उंबऱ्यात असताना कुणाच्या मनात अढी नको. अढी मनात असते, पण ठेच तिच्या पायाला लागते.'

"थांब. नम्रता, थांब! आत येऊ नकोस. रेघेच्या बाहेरच राहा… नाही, काही चुकलं नाही तुझं. ताट खाली ठेव, पाटावर… ऐक. दोन्ही मुखवटे आहेत ना समोर? त्यांच्या डाव्या कानामागं बोट फिरव… त्यांच्या डाव्या, तुझ्या नाही… मागं, कानाच्या पाळीच्या मागं. एकीला खळगा लागेल… कुणाला लागला?… तू जिला कनिष्ठा म्हणून ठेवलीस तिला. हो ना?… ती थोरली आहे."

तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"उलट झाल्यात त्या. अदलाबदल झाली आहे. म्हणून मान हलत होती… कापडाबिपडाचं काही नाही, काढून टाक तो रुमाल. खळग्यावाली ज्येष्ठेच्या कोठीवर बसेल, खुंटीसारखी बसेल… हो. मला माहीत होतं… आत्ता नाही, मघाशीच. तू मान हलते म्हणालीस तेव्हाच… का नाही सांगितलं?"

आतल्या खोलीतून बापूरावांनी चहा विचारला. तिनं उत्तर दिलं नाही.

"नाही सांगितलं. एवढंच… काय म्हणालीस?… परत म्हण… तुला कधी कळलंच नाही, कारण तू नेहमी मागं असायचीस. हं… एकदा तरी पुढून यायचं होतं?… एवढ्या वर्षांत माझी पाठच बघत आलीस?… तो अंबाडा आणि ती गजऱ्याची गाठ… अगं, मग बोलली का नाहीस कधी? मी म्हटलं असतं, हो तू पुढं… नसतं म्हटलं. बरोबर आहे तुझं. नसतंच म्हटलं मी."

तारेच्या दोन टोकांना दोन जावा, आणि मधे हळदीच्या रेघेशी दोन पितळी मुखवटे. खिडकीतलं पिवळं ऊन भिंतीवरून वर चढलं.

"नम्रता. आहेस ना?… ताप नाही मला… हो. कालही नव्हता. चांगली खडखडीत आहे मी, सकाळपासून फरशी पुसून राहिले… रागावलीस?… रागव. मला बरं वाटेल… तसं नाही गं. मला बघवलं नसतं ते. तू दारात, ऑर्किडखाली, आणि मी पाहुण्यांसारखी सोफ्यावर प्रसादाची वाटी घेऊन… लिफ्टचं खरं आहे. हॉलचं खरं आहे. बाबांच्या गुडघ्यांचं खरं आहे. सगळं खरं आहे म्हणून तर बोलता येईना… मी म्हटलं 'चालेल'. हो, मीच म्हटलं. पण एकदाच विचारलंत गं तुम्ही. पोळी वाढतानासुद्धा दोनदा विचारतो आपण. त्या सजावटवाल्यालाही तू दोनदा विचारलं असशील, ऑर्किड बरं दिसेल का म्हणून… मी वाट बघत होते. चहा दिला, बिस्किटं दिली, कप विसळले. वाटलं, आता तरी कुणी स्वयंपाकघरात येईल आणि विचारेल… तू आली होतीस? कधी?… कप ठेवायला. हो, आलीस. उभी होतीस थोडा वेळ, आठवतंय… विचारणार होतीस? मग?"

सरोजिनीनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"…मी नाही म्हणेन म्हणून नाही विचारलंस."

तिला हसू आलं की रडू, ते त्या रिकाम्या हॉलमध्ये बघायला कुणी नव्हतं. दाराजवळची निम्मी पावलं अजून तशीच होती. पुढची पुसलेली, मागची ओली होऊन फरशीला घट्ट चिकटलेली.

"काय?… आता? आता विचारतेस?… दारात उभी राहून?… अगं, दिवे लागायची वेळ झाली… बरं. बरं, विचार. दुसऱ्यांदा म्हणून विचार. नीट विचार, पूर्ण वाक्यात."

तिनं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे एक शब्दही न टाकता ऐकलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही चालत. मला नाही चालत, नम्रता. चाललंच नव्हतं."

पलीकडून जे आलं ते ऐकून सरोजिनीनं मान हलवली, जणू नम्रता समोरच उभी आहे.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तेव्हा दोघी मिळून भांडू… उद्या? येते की. सकाळीच येते, बाबांना घेऊन, त्यांच्या लिफ्टनं. पुरण मी घरून वाटून आणते, त्या बाईला सांग दिवे करू नकोस म्हणून… आणि आंबील सोड्याची चालणार नाही. फेकून दे ती. मी आत्ता भिजवते, उबेला ठेवली की सकाळपर्यंत बोलायला लागेल… आता डोळे पूस. पदरानं नको, ती माझी साडी… हां, देवीच्या अंगावर आहे, विसरले. पूस मग कशानंही. उचल ताट. थोरली कुठल्या हाताला आहे?… उजव्या. छान. आज तूच पुढं आहेस, मागं कुणी नाही, नीट पाय टाक. राजनंदिनी, थाळी!"

थाळी वाजली. पातळ, उतावळी, कॉलवरच्या माणसालाही दार उघडायला लावील अशी. सरोजिनी कोपऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला आणि या वेळी वेणूबाईंच्या नव्हे, आपल्याच आवाजात म्हणाली,

"कोण आलं गं दारात?"